‘अँटिफ्रीजवाली वाइन’ ते ग्र्यूनर फेल्टलिनर: ऑस्ट्रियात नेमकं काय बदललं?

प्रश्न थोडक्यात असा: “मुलगा व्हिएन्नात शिकतो, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे चाललोय. ऑस्ट्रियन वाइनमध्ये अँटिफ्रीज सापडलं होतं, हे माझ्या पिढीच्या अजून लक्षात आहे. आता जो तो तिचं कौतुक करतो. मधल्या काळात झालं काय? नुसत्या कडक कायद्याने एवढा फरक पडतो का? आणि तिथे काय प्यावं, येताना काय आणावं?”

एकवीस वर्षं मी हॉटेलांच्या वाइन लिस्ट तयार करते आणि नव्या सॉमेलिए, म्हणजे वाइन निवडून वाढणाऱ्या, मुलामुलींना शिकवते. मध्ये एक हंगाम ऑस्ट्रियातल्या काम्पटाल भागातल्या एका कुटुंबाकडे द्राक्षतोडणीलाही होते. दरवर्षी वर्गात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि “घोटाळा झाला, कायदा आला, दर्जा वाढला” हे तीन वाक्यांचं उत्तर मला कधीच पटलेलं नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी त्या अँटिफ्रीजचं. सापडलं ते डायएथिलिन ग्लायकॉल. गाडीच्या रेडिएटरमध्ये सहसा घालतात ते एथिलिन ग्लायकॉल. हा त्याचा चुलतभाऊ. वर्तमानपत्रांना ‘अँटिफ्रीज’ हा मथळा सोपा पडला आणि तोच लोकांच्या डोक्यात बसला. म्हणून हा पदार्थ निरुपद्रवी होता असं मात्र समजू नका. आपल्याला तर त्याची ओळख जास्तच कडू आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, तो ग्लिसरॉलमधल्या याच भेसळीमुळे. म्हणजे ऑस्ट्रियाचं प्रकरण उघडकीला आलं त्यानंतर जेमतेम सहा-सात महिन्यांत. ऑस्ट्रियन वाइन पिऊन कुणी दगावल्याचं सिद्ध झालं नाही, कारण बहुतेक बाटल्यांमध्ये प्रमाण कमी होतं. तरी एका बाटलीत लिटरमागे ४८ ग्रॅम निघालं होतं. तेवढ्याने माणूस मरू शकतो.

हे वाइनमध्ये घालायचंच कशाला? त्याचं उत्तर व्यापारात आहे. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला जर्मन ग्राहकाला स्वस्त गोड वाइन हवी होती. तिथल्या मोठ्या दुकानांशी ऑस्ट्रियन ठोक व्यापाऱ्यांनी लांब मुदतीचे करार केले होते: अमुक इतके टँकर, अमुक इतक्या पिकलेल्या द्राक्षांची वाइन, अमुक भावात. आता द्राक्षं काही करार वाचून पिकत नाहीत. ज्या वर्षी हवामानाने दगा दिला त्या वर्षी वाइन पातळ आणि आंबट झाली. नुसती साखर ढकलली तर गोडी येते, पण अंग येत नाही, आणि तपासणीत ते उघडं पडतं. डायएथिलिन ग्लायकॉल गोडही असतं आणि दाटही. त्या काळच्या नेहमीच्या चाचण्यांत ते दिसतही नव्हतं. कुणा रसायन जाणणाऱ्याने ही युक्ती शोधली आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरली.

१९८५ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या प्रयोगशाळांना ते सापडलं. जुलैमध्ये जर्मन आरोग्य मंत्रालयाने जाहीर इशारा दिला आणि आठवड्याभरात बातमी जगभर पोहोचली. पुढे असंही निघालं की काही जर्मन बाटली भरणारे ऑस्ट्रियन वाइन गुपचूप जर्मन वाइनमध्ये मिसळत होते, त्यामुळे जर्मन बाटल्यांमध्येही तेच रसायन मिळालं. जप्त केलेला साठा सुमारे २.७ कोटी लिटरचा होता. तो नष्ट करताना एका सिमेंट कारखान्याच्या भट्ट्या थंड करायला पाण्याऐवजी वाइन वापरली गेली. जपानमध्ये ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलियाच्या नावांचा घोळ होऊन बिचाऱ्या ऑस्ट्रेलियन वाइनसुद्धा दुकानांतून उचलल्या गेल्या. ऑस्ट्रियाची निर्यात वर्षभरात साधारण दहाव्या हिश्शावर आली. जुनं प्रमाण पुन्हा गाठायला २००१ साल उजाडावं लागलं.

ऑगस्ट १९८५ मध्ये, म्हणजे इशाऱ्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ऑस्ट्रियन संसदेने नवा वाइन कायदा मंजूर केला. हेक्टरी उत्पादनाला मर्यादा. द्राक्षं किती तोडली आणि वाइन किती झाली याची नोंद. दर्जाची वाइन टँकरने बाहेर न पाठवता देशातच बाटलीबंद करायची सक्ती. बाटली बाजारात जाण्याआधी सरकारी प्रयोगशाळेत तपासणी आणि चव घेणाऱ्यांची समिती, आणि दोन्हींत पास झाल्यावरच लेबलवर परीक्षण क्रमांक. बाटलीच्या टोपणावर दिसणारा लाल-पांढरा-लाल पट्टाही याच व्यवस्थेतला. या जाचाबद्दल त्या वेळी लहान बागायतदारांनी भरपूर बोटं मोडली होती. पाप ठोक व्यापाऱ्यांचं आणि कागद आम्ही भरायचे, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती रास्तच होती.

आता माझं म्हणणं. कायद्याने चांगली वाइन बनत नाही. कायदा फार तर वाईट वाइन विकणं अवघड करतो. ऑस्ट्रियात चांगली वाइन बनवणारे लोक घोटाळ्याच्या आधीपासून होते, फक्त त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. १९८५ ने त्यांना शिकवलं काहीच नाही. त्यांच्या वाटेत बसलेला स्वस्त गोडाचा बाजार तेवढा एका झटक्यात उठवला.

पुरावा हवा असेल तर वाखाऊला जा. व्हिएन्नाच्या पश्चिमेला, मेल्क आणि क्रेम्स या गावांच्या मधली डॅन्यूबची खोरी. उतार इतका उभा, की दगडी पायऱ्या बांधल्याशिवाय वेल उभा राहत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नाचणीच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा आणि त्यांना सुक्या दगडांच्या भिंती द्या. खाली ग्नाइस, म्हणजे जुना कठीण खडक. दिवसा पूर्वेकडून पॅनोनियन मैदानाची ऊब येते, रात्री उत्तरेच्या वाल्डफिअर्टेलच्या जंगलांतून थंड हवा उतरते. पिकणं सावकाश होतं, साखर चढते तरी आम्लता टिकून राहते. इथे योशिंग गावातले योसेफ यामेक पन्नासच्या दशकापासूनच साखर न घालता कोरडी वाइन बनवत होते, जेव्हा सगळा बाजार गोडाच्या मागे होता. त्यांनी आणि फ्रान्झ प्रागर, फ्रान्झ हिर्त्सबर्गर यांच्यासारख्या शेजाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘विनेआ वाखाऊ’ ही संघटना उभी केली. साल बघा: घोटाळ्याच्या दोन वर्षं आधी. नियम साधे होते. द्राक्षं वाखाऊचीच हवीत. रसात साखर घालायची नाही.

त्यांनी वाइनच्या तीन पायऱ्या ठरवल्या आणि नावं आपल्या डोंगरातली घेतली. सगळ्यात हलकी श्टाइनफेडर, कमाल ११.५ टक्के अल्कोहोल. हे बागांमधल्या खडकांवर उगवणाऱ्या पिसासारख्या गवताचं नाव. मधली फेडरश्पील, १२.५ टक्क्यांपर्यंत, नाव ससाण्यांच्या शिकारीवरून. आणि सर्वांत भारदस्त स्मारागड, किमान १२.५ टक्के; उन्हात दगडांवर पहुडणाऱ्या हिरव्या सरड्याचं हे नाव १९८६ च्या हंगामापासून आलं. सरड्याच्या नावाची वाइन आपल्याकडे कुणी विकली असती का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. तिथे ती विकत घ्यायला लोक रांग लावतात.

आणि हे ज्याच्या जोरावर झालं ते पांढरं द्राक्ष, ग्र्यूनर फेल्टलिनर, एके काळी कष्टाचा बैल समजलं जायचं. त्यामागे एक गमतीशीर उलटसुलट गोष्ट आहे. लेन्झ मोझर नावाच्या बागायतदाराने ‘होखकुल्टुअर’ ही वेल बांधायची पद्धत आणली आणि पन्नासच्या दशकात ती देशभर पसरली. वेलाचं खोड कमरेच्या वर, दोन ओळींत तीन-साडेतीन मीटर अंतर, म्हणजे मधून ट्रॅक्टर सहज जावा. मजुरी वाचली, उत्पन्न वाढलं. ग्र्यूनरला ही पद्धत मानवली आणि ते देशातलं पहिल्या क्रमांकाचं द्राक्ष झालं. आज जवळपास एक-तृतीयांश बागा त्याच्याच आहेत. पण वेलावर माल जास्त धरला की चव विरते, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला मी सांगायला नको. त्या अमाप पिकानेच पातळ वाइनचा महापूर आणला. म्हणजे ज्या पद्धतीने द्राक्ष मोठं केलं तिनेच त्याचं नाव खराब केलं, आणि पुढच्या पिढीने घड कमी ठेवून तेच नाव परत मिळवलं.

काम्पटालमध्ये तोडणी करताना मला हे हाताने कळलं. तिथे खाली वाऱ्याने आणलेली बारीक पिवळी माती असते, लोएस. ती ओली झाली की बुटांना कणकेसारखी चिकटते. ग्र्यूनर या मातीत सुखाने वाढतं. रीस्लिंग हे दुसरं पांढरं द्राक्ष मात्र वरच्या खडकाळ जागी लावतात. ऑगस्टमध्येच अर्धे घड कापून जमिनीवर टाकलेले होते आणि ते ओळींमध्ये वाळून पडले होते. मी घरमालकिणीला म्हटलं, जीव तुटत नाही का? ती म्हणाली, “माझ्या सासऱ्यांचा तुटायचा. ते माझ्यामागून येऊन मोजायचे.” त्या घरात दर्जाचा बदल असा सून-सासऱ्यांच्या भांडणातून आला.

आता गोड वाइन, कारण डाग तिलाच लागला होता. हंगेरीच्या सीमेवरच्या बुर्गेनलांडमध्ये नॉयझीडल नावाचं सरोवर आहे, पसरलेलं प्रचंड पण खोली जेमतेम १.८ मीटर. उंच माणूस त्यात बुडायचा नाही. शरद ऋतूत त्यावरून सकाळी धुकं उठतं, दुपारी ऊन पडतं, आणि द्राक्षांवर बोट्रिटिस ही बुरशी धरते. बुरशी सालीला भोकं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि आम्ल दोन्ही आटतं. ही बुरशी इतकी नेमाने येणारी जागा जगात मोजक्या ठिकाणी आहे. काठावरच्या रुस्ट गावाने १६८१ मध्ये सम्राटाकडून स्वतंत्र शहराचा दर्जा विकत घेतला, तो ६०,००० गुल्डन आणि ५०० घागरी आउसब्रुख, म्हणजे अशाच बुरशीच्या द्राक्षांची गोड वाइन, देऊन. ही तिथली ‘घागर’ साधारण ५०-६० लिटरची, तेव्हा हिशोब करा.

म्हणजे खरी गोड वाइन तिथे निसर्गच देत होता. खोटी बनवायची गरज फक्त घाई आणि स्वस्ताई असलेल्यांना होती. घोटाळ्यानंतर गोड ऑस्ट्रियन वाइन विकणं म्हणजे वेडेपणा मानला जायचा, आणि नेमकं तेव्हाच इल्मिट्सच्या आलोइस क्राखरने ठरवलं की आपण गोडच करायची. बाटल्या बॅगेत घालून तो देशोदेशी हिंडला, मोठमोठ्या फ्रेंच गोड वाइनच्या शेजारी आपला पेला ठेवायला सांगत. नव्वदच्या दशकात बक्षिसांमागून बक्षिसं आली. आपल्या ट्रॉकनबेरेनआउसलेझे, म्हणजे बुरशीने सुकलेल्या द्राक्षांच्या अतिगोड, वाइनना तो हंगामागणिक क्रमांक द्यायचा. क्रमांक जितका मोठा तितकी वाइन दाट. २००७ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला. माझ्या मते ऑस्ट्रियाचं नाव धुऊन काढण्यात कुठल्याही कलमापेक्षा या एका हट्टी माणसाचा वाटा मोठा आहे.

जाता जाता: गोड वाइनच्या या वर्गवारीत रसातली साखर मोजतात ती क्लोस्टरनॉयबुर्गच्या मापाने. आपल्याकडे बागेत ब्रिक्स बघतात तसंच. व्हिएन्नाच्या उंबऱ्यावरच्या या गावात १८६० मध्ये द्राक्ष आणि वाइनची शाळा सुरू झाली, जगातली सगळ्यात जुन्यांपैकी एक. ट्रॉकनबेरेनआउसलेझेसाठी ३० अंश लागतात, म्हणजे रसात वजनाने सुमारे तीस टक्के साखर. याच शाळेत १९२२ मध्ये फ्रिट्स त्स्वायगेल्टने ब्लाउफ्रेंकिश आणि सांक्ट लॉरेंट या दोन लाल द्राक्षांचा संकर केला आणि ऑस्ट्रियात आज सर्वाधिक लावलं जाणारं लाल द्राक्ष तयार झालं. ‘त्स्वायगेल्ट’ हे त्याचंच नाव द्राक्षाला पुढे सत्तरच्या दशकात चिकटलं. गृहस्थ नाझी पक्षाचा होता, त्यामुळे नाव बदलावं असा वाद अधूनमधून उठतो. लालमध्ये माझा जीव मात्र ब्लाउफ्रेंकिशवर आहे. मध्य बुर्गेनलांडच्या जड मातीत ती भरदार होते, लायथा डोंगराच्या चुनखडीवर सडपातळ आणि मिरीसारखी तिखट. तीस वर्षांपूर्वी ती नव्या ओकच्या पिंपात बुडवून मारायचे; आता शहाणे झालेत.

बाहेरच्या जगाला धक्का बसला तो २००२ मध्ये. लंडनला जॅन्सिस रॉबिन्सन आणि टिम ॲटकिन या ब्रिटिश वाइन-समीक्षकांच्या पुढाकाराने लेबलं झाकून चव घेण्यात आली: एका बाजूला ग्र्यूनर फेल्टलिनर, दुसऱ्या बाजूला फ्रान्समधल्या बरगंडीच्या नामांकित पांढऱ्या शार्डोने. पहिल्या १० मध्ये ७ जागा ऑस्ट्रियाने घेतल्या. मी हा किस्सा वर्गात सांगते, पण तो जरा जपून घ्या, असंही सांगते. अशा झाकल्या बाटल्यांच्या लढतीत दाट, भरभक्कम वाइन नेहमी पुढे जाते. त्यानंतरची काही वर्षं वाखाऊत चौदा टक्क्यांच्या वर गेलेल्या, मधाळ स्मारागड वाइनची फॅशन आली. एक पेला प्यायलात की जेवणाची इच्छाच जाते. सुदैवाने ती लाट ओसरली आहे.

व्यवस्थेचं म्हणाल तर २००२ च्या हंगामापासून वाइनला प्रदेशनिहाय नावं द्यायला सुरुवात झाली, संक्षेपाने डीएसी. पहिला मान वाइनफिअर्टेल या प्रदेशाच्या मिरीदार ग्र्यूनरला. २०२३ मध्ये टेर्मेनरेगियोन हा शेवटचा प्रदेश सामील झाला आणि आता अशी १८ नावं आहेत. मला विचाराल तर देशाच्या मानाने जरा जास्तच. जगातल्या एकूण वाइनपैकी ऑस्ट्रियाची एक टक्का, आणि ग्राहकाने अठरा जर्मन नावं पाठ करायची! पण लेबलवर ‘रीड’ हा शब्द दिसला की वाइन एकाच ठरावीक शेताची, हे ओळखायला सोपं झालं, तेवढा फायदा मान्य करते.

एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. निर्यात बंद पडली त्या वर्षांत हे बागायतदार जगले कशावर? घरच्या गिऱ्हाइकावर. ऑस्ट्रियन माणूस आपलीच वाइन पितो, आजही बहुतेक तिथेच संपते. १७८४ मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याने बागायतदारांना आपली वाइन आपल्या दारात विकायची मुभा दिली, तेव्हापासून ‘होयरिगर’, म्हणजे बागायतदारांच्या दारातली ही वाइनची ठिकाणं, चालत आलेत. दारावर पाइनची डहाळी टांगली की समजायचं, आज उघडं आहे. तिथे येणारं गिऱ्हाईक मालकाला नावाने ओळखतं आणि वाइन बिघडली तर तोंडावर सांगतं. टँकरच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या व्यापाऱ्याला ते कुणी सांगत नाही. माझ्या मते दर्जाची खरी तपासणी समिती ही.

आता तुमचं. सप्टेंबरमध्ये जाताय, म्हणजे ‘श्टुर्म’ मिळेल: अजून आंबतच असलेला गढूळ, गोडसर, फसफसणारा रस. एक-दोन पेले जरूर घ्या, जास्त नको; पोट दुसऱ्या दिवशी हिशोब मागतं. व्हिएन्नाच्या हद्दीतच सुमारे ६०० हेक्टर द्राक्षबागा आहेत. नुसडॉर्फ किंवा श्टामर्सडॉर्फच्या बाजूला ट्रॅमने जा आणि ‘गेमिश्टर झाट्स’ मागा, म्हणजे एकाच बागेत मिसळून लावलेल्या अनेक जातींची एकत्र तोडून केलेली वाइन. आठवा हिस्सा लिटर म्हणजे ‘आख्टल’, तेवढंच मागवा, म्हणजे तीन-चार चाखता येतील.

जेवणाबरोबर फेडरश्पील किंवा साधी काम्पटालची ग्र्यूनर. तिथे ती शतावरीच्या कोंबांबरोबर पितात, ज्यांच्यापुढे बाकी वाइन हात टेकतात. त्याच न्यायाने आपली कोथिंबीरवडी, मेथी, शेवग्याच्या शेंगा यांच्याशी तिचं छान जमतं. लाल वाइनसारखं टॅनिन, म्हणजे तुरटपणा, नाही, त्यामुळे तिखट भडकत नाही. गोड वाइन मात्र पुरणपोळीबरोबर काढू नका. आपलं गोड वाइनपेक्षा गोड असतं, मग वाइन आंबट लागते. ती खारट, निळी बुरशी असलेल्या चीजबरोबर घ्या, किंवा नुसतीच.

भारतात येताना माणशी दोन लिटरची सवलत आहे. तुम्ही दोघं असाल तर प्रत्येकी दोन पाऊण लिटरच्या बाटल्या आणि एक छोटी, ३७५ मिलीची, बरोबर बसते. मोठ्यांमध्ये एक वाखाऊची रीस्लिंग स्मारागड, एक ब्लाउफ्रेंकिश आणि दोन ग्र्यूनर. छोट्यांमध्ये एक रुस्टची आउसब्रुख आणि एक इल्मिट्सची ट्रॉकनबेरेनआउसलेझे. टोपणावरचा लाल-पांढरा-लाल पट्टा बघून घ्या. आणि श्टुर्मची बाटली कितीही आवडली तरी बॅगेत टाकू नका. आंबणं चालू असतं म्हणून तिचं झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. विमानातून उतरेपर्यंत तुमचे सगळे कपडे तिचे झालेले असतील.